नवीन केमिस्ट्री लेक्चररला, सुरुवातीपुरतं

अभिनंदन! रत्नागिरीत जॉइन झालास आणि लगेच एचपीएलसीचं (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशिन) विचारतोयस, उत्साह मस्तच पण ते राहू दे, आधी ब्युरेटवर (थेंबथेंब द्रावण सोडायची मापाची नळी) हात बसव. खाडीजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं ना, तेच पोरांना बाटलीत आणायला सांग आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडून त्यातलं क्लोराइडचं (मिठातला क्षार) प्रमाण काढा, इंडिकेटर (रंग बदलून शेवट दाखवणारा) पोटॅशियम क्रोमेट, विटकरी छटा टिकली की थांबायचं. पिण्याच्या पाण्याला आपल्या भारतीय मानकात क्लोराइडची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम, दुसरी सोय नसेल तर १००० पर्यंत. स्वतःच्या वाडीतल्या विहिरीचा आकडा निघाला की मागच्या बाकावरची पोरंपण पुढे येतात बघ.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- कोनिकल फ्लास्क सॅम्पलने विसळणं. ब्युरेट-पिपेट ज्या द्रावणाने भरायचं त्याने, फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने.
- ब्लँक (सॅम्पलऐवजी डिस्टिल्ड वॉटर घेऊन तीच चाचणी) न घेणं.
- कॉस्टिक सोडा नुसता तोलून तीच नॉर्मॅलिटी (द्रावणाची तीव्रता) खरी धरणं, आपल्या पावसाळ्यात तर तो बघताबघता पाणी सुटून चिकट होतो, त्यामुळे ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने स्टँडर्डाइज करायचंच, म्हणजे खरी तीव्रता तपासून घ्यायची, कंटाळा नको.

रीडिंग थेट वहीत, पेनाने. पीएचडीचा विषय पण घाईत उचलू नकोस, एक वर्ष प्रॅक्टिकल्स घे, प्रश्न तिथेच सापडतील. डिटेक्शन लिमिट (पद्धतीला ओळखता येणारं कमीत कमी प्रमाण) वगैरे नंतर बोलू.