ड्रायव्हर नसलेलं यान स्थानकाला लागतं कसं?

प्रश्न : मॅडम, मालवाहू यान उड्डाणानंतर नऊ-दहा मिनिटांत कक्षेत पोचतं म्हणतात. अवकाश स्थानक तर जेमतेम ४०० किलोमीटर उंचीवर. मग तिथवर जायला कधी कधी दोन दिवस का लागतात? थोडा वेग वाढवून गाठता येत नाही का? आणि आत कुणी नसताना ते नेमकं जाऊन जोडलं कसं जातं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ‘थोडा वेग वाढवून’ इथेच सगळी गोम आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर पुढची गाडी गाठायची तर तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता. कक्षेत दाबलात तर मागे पडाल! मागून जोर दिला की यान वर चढतं. वरची वाट लांब, तिथली चालही मंद, त्यामुळे स्थानक पुढे निघून जातं. गाठायचं तर खालूनच जायला हवं. वर्गात हे शिकवताना मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, ‘‘मॅडम, उलटं लिहिलंत!’’

आता हिशेब करा. स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरतं, एका फेरीला साधारण साडेब्याण्णव मिनिटं लागतात. २०० किलोमीटर उंचीवरचं यान तीच फेरी साडेअठ्ठ्याऐंशीत संपवतं. म्हणजे फेरीमागे कमाई चार मिनिटांची. स्थानक पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला असेल, तर एवढ्यासाठीच अकरा-बारा फेऱ्या गेल्या. उलट उड्डाणाची वेळ आणि स्थानकाची जागा आधीच जुळवून आणली, तर काम झटपट होतं. जुलै २०१८मध्ये रशियाचं एक ‘प्रोग्रेस’ यान ३ तास ४० मिनिटांत जाऊन लागलं होतं.

शेवटचा टप्पा मात्र मुद्दाम रेंगाळत होतो. ‘प्रोग्रेस’वरची ‘कुर्स’ ही रेडिओ यंत्रणा स्थानकाशी संदेशांची देवाणघेवाण करून अंतर, वेग आणि कोन सतत मोजते. त्यानुसार छोटी इंजिनं फुसफुस करत दिशा सुधारतात. युरोपच्या मालवाहू यानांनी २००८पासून याच कामाला लेझर वापरला. टेकताना वेग उरतो सेकंदाला जेमतेम दहा सेंटीमीटर. यानाच्या नाकाशी एक दांडा असतो, तो स्थानकावरच्या शंकूच्या आकाराच्या खोबणीत घुसतो. नेम किंचित चुकला तरी उतारावरून घसरत तो मधोमध जाऊन अडकतो. मग दांडा आत ओढला जातो, कडेचे आकडे लागतात. हवा गळत नाही ना, हे तपासल्याशिवाय दार उघडत नाहीत.

‘माणूस नाही’ म्हणून जीव घाबरतो, ते मला कळतं. पण २५ जून १९९७ची टक्कर आठवा. त्या दिवशी ‘कुर्स’ बंद ठेवून हाताने जोडणीची चाचणी चालली होती. रशियाच्या ‘मीर’ स्थानकात बसून अंतराळवीर वासिली त्सिब्लियेव्ह यानावरच्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर बघत दूरनियंत्रकाने ‘प्रोग्रेस’ आणत होते. यान किती वेगाने येतंय, याचा धड आकडाच हाताशी नाही आणि चित्रात खालच्या ढगांवर स्थानक नीट दिसेना. यान स्थानकाच्या ‘स्पेक्टर’ या कक्षाला धडकलं, हवा गळू लागली. दारातून गेलेल्या केबल धडाधड तोडून तो कक्ष बंद करावा लागला. मी त्या वैमानिकाला दोष देणार नाही. मोजमाप काढून घेतल्यावर कुणीही काय करणार? आजही अंतराळवीर पडद्यासमोर बसतात, पण यंत्रणा बिघडली तरच हात घालायला.

आपल्या ‘स्पेडेक्स’ या अवकाशातल्या जोडणीच्या प्रयोगाच्या वेळी, जानेवारी २०२५मध्ये, इस्रोने दोन उपग्रह तीन मीटरपर्यंत जवळ आणून पुन्हा मागे नेले. आमच्या चरईतल्या शेजाऱ्यांनी लगेच विचारलं, ‘‘फसलं का हो?’’ छे! हवं तेव्हा मागे फिरता येणं हे तर निम्मं डॉकिंग, म्हणजे निम्मी जोडणी. १६ जानेवारीला ते जोडले गेले आणि भारत हे साधणारा चौथा देश ठरला.

प्रश्न : सामान उतरवल्यावर त्या यानाचं काय करतात?
– एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : कचराकुंडी! वापरलेले कपडे, खोकी, बिघडलेली उपकरणं ‘प्रोग्रेस’मध्ये कोंबून दार लावतात आणि दक्षिण प्रशांत महासागरावर ते वातावरणात जाळून टाकतात. अमेरिकेतल्या ‘स्पेसएक्स’ कंपनीचं ‘ड्रॅगन’ यान मात्र पॅराशूटने समुद्रात उतरतं, म्हणून प्रयोगांचे नमुने त्यातून परत पाठवतात.