बाथरूममध्ये पांढरं झुरळ दिसलं, ही वेगळी जात असते का? आणि किड्यांचं कवच म्हणजे आपली नखंच ना, खवले मांजराच्या खवल्यांसारखं, की कासवाच्या पाठीसारखं? आणि कवच इतकं कडक असताना स्प्रे आत कसा जातो?

नाही. वेगळी जात नाही, आजारी नाही, आणि तुम्ही स्प्रे मारला म्हणून त्याचा रंग उडालाय असंही नाही. बाथरूममध्ये दिसलं ते रोजचंच झुरळ, फक्त नुकतीच कात टाकलेलं. काही तासांत परत तपकिरी होतं. खरं तर उत्तर एवढंच, पण हा प्रश्न समोर आला आणि राहवलं नाही, कारण याच पांढऱ्या झुरळावरून हॉस्टेलात माझं एका माणसाशी वाजलं होतं आणि ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

मी प्राणिशास्त्राला, रूममेट मेकॅनिकलला. एका रात्री तो बाथरूममधून ओरडत आला, हातात चप्पल, म्हणे अल्बिनो झुरळ सापडलंय. जाऊन बघितलं तर बादलीच्या मागे एक छान मोठं पिल्लू, अंग पांढरं आणि जरा आरपार, डोळे मात्र काळे कुळकुळीत. अल्बिनोचे डोळे एवढे काळे कशाला असतील, इथेच विषय संपायला हवा होता. पण नाही. मी चप्पल हिसकावली, पाण्याचा ग्लास त्याच्यावर उपडा घातला आणि म्हटलं सकाळपर्यंत थांब, तपकिरी होतं की नाही बघ. त्याने पैज लावली.

शेजारीच झुरळाची कात पडली होती. ती मी त्याला दाखवली, ट्यूबलाइटखाली धरून. पाठीवर बरोबर मधोमध उभी चीर, बाकी सगळं जसंच्या तसं, पायांवरचे काटेसुद्धा, मिशांची सालंसुद्धा. हातमोज्यातून बोट काढावं तशी ती लांबलचक मिशी त्यातून ओढून काढावी लागते, मधे अडकली की तुटतेच. आणि चिरेतून आत बघितलं तर पांढरे बारीक धागे लोंबत होते. ते धागे म्हणजे श्वासनळ्यांचं अस्तर. किड्याची श्वासनळी बाहेरच्या कवचाचीच आत गेलेली घडी असते, त्यामुळे कात टाकताना तिचंही अस्तर निघून येतं, आतड्याच्या पुढच्या आणि मागच्या भागाचंसुद्धा निघतं. हे बघून कोणीही गप्प बसेल. हा म्हणाला, ही दुसऱ्या झुरळाची असेल.

मग सुरू झालं लेक्चर. त्याचं म्हणणं, कुठलाही पॉलिमर असा आपोआप रात्रीत कडक होत नाही, रंग तर अजिबात बदलत नाही, क्युरिंगला, म्हणजे पक्कं कडक व्हायला, उष्णता लागते, ओव्हन लागतो. मी म्हटलं अरे मग दोन ट्यूबांचं एपॉक्सी खोलीत ठेवून कसं सेट होतं? झुरळातही तसलाच प्रकार आहे. नव्या कवचात कायटिन नावाच्या पदार्थाचे धागे आणि प्रोटीन मऊ अवस्थेत असतात. कात टाकल्यावर तिथे क्विनोन जातीची रसायनं तयार होतात, ती प्रोटीनना एकमेकांत घट्ट बांधतात, त्यातच कवच कडक होतं आणि काळपटतं. म्हणजे रंग चढणं आणि कडक होणं हे बरंचसं एकाच कामाचे दोन भाग. आणि हे कधी सुरू करायचं ते शरीर ठरवतं. 1962 मध्ये माश्यांवर जे प्रयोग झाले त्यात कोशातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माशीच्या मानेला दोरा घट्ट बांधला की डोक्याकडून येणारा निरोप अडायचा आणि धड फिकट ते फिकटच राहायचं, पण काळ्या पडत चाललेल्या दुसऱ्या माशीचं रक्त टोचलं की तेच धड काळं पडायला लागायचं. त्या हार्मोनला बर्सिकॉन म्हणतात. हवा लागली, वाळलं, झालं, असं हे प्रकरण नाही. हे सगळं मी त्याला रात्री दीड वाजता सांगत होतो आणि तो मान हलवत होता, नाही नाही अशी.

तो मान हलवत असताना ग्लासखालचं झुरळ आपलं फुगत होतं. कात निघाली की हे हवा गिळतात आणि अंग ताणून घेतात, कारण जे काही वाढायचं ते कवच मऊ आहे तोवरच. एकदा कडक झालं की पुढच्या कातीपर्यंत बाहेरून वाढायची सोय नाही. घरात दिसणारं मोठं अमेरिकन झुरळ पिल्लाचं पूर्ण वाढलेलं होईपर्यंत साधारण 10 ते 13 वेळा कात टाकतं, पंख आले की मग टाकत नाही.

सकाळी ग्लासखाली तपकिरी झुरळ. साहेबांनी डोळे चोळत बघितलं आणि म्हणाले, बदललंस. रात्री उठून बदललंस. मी म्हणतो ठीक आहे, खूण बघ. त्या झुरळाचा मागचा डावा पाय दुसऱ्यापेक्षा बुटका होता, रात्रीच मी बोललो होतो, त्याने हो म्हटलं होतं. झुरळाचा पाय तुटला तर पुढच्या काती टाकताना नवीन उगवतो, आणि अशा उगवलेल्या पायाच्या टोकाला पाचाऐवजी चारच पेरं असतात. भिंगातून मोज म्हटलं. तर म्हणे पेरं कोण मोजत बसणार, हॉस्टेलातली अर्धी झुरळं लंगडीच आहेत. पैज दिली नाही. आज तो कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब आहे, ग्रुपवर माझा वाढदिवस आला की अजून 'झुरळ बदलणाऱ्याला शुभेच्छा' असा मेसेज टाकतो आणि सगळे हसतात. असो.

आता नखं. नाही हो, कवच म्हणजे नखं नव्हेत, हे तर शाळेतले सरसुद्धा चुकीचं सांगतात. नख, केस, पिसं, शिंगावरचं आवरण, सापाचे खवले, हे सगळं केरॅटिन, म्हणजे प्रोटीन. किड्याच्या कवचातलं कायटिन हे प्रोटीनच नाही, ती साखरेच्या रेणूंची लांब साखळी आहे, लाकडातल्या सेल्युलोजची बहीण. सापडलंही ते आधी किड्यात नाही, 1811 मध्ये ब्राकोनो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला मशरूममध्ये सापडलं, भुंग्यांच्या कडक पंखांतून 1823 मध्ये ओडिएने काढलं. म्हणजे पदार्थ बघितला तर झुरळाचं कवच तुमच्या नखापेक्षा मशरूमला जास्त जवळचं. आणि कायटिन म्हणजे कडक हाही गैरसमजच. नुसतं कायटिन चिवट आणि लवचिक असतं, सुरवंटाच्या मऊ कातडीतही ते भरपूर असतं. कडकपणा येतो प्रोटीनच्या त्या बांधाबांधीतून. खेकड्यात त्यावर आणखी कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं असतं, म्हणून त्याचं कवच दगडासारखं लागतं.

खवले मांजराचे खवले मात्र तुम्ही म्हणता तसे, नखांच्याच पदार्थाचे. त्यात औषधी गुण वगैरे काही नाही. औषध हवं असेल तर लोकांनी स्वतःची नखं कुरतडून खावीत, निष्पाप जनावर कशाला मारता. 2016 मध्ये साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात त्यांच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं, तरी चोरटा धंदा चालूच.

कासवाचं विचारलंत, ते अजून तिसरंच. त्याची पाठ म्हणजे त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा, पसरून एकमेकांना जोडलेले, वरून केरॅटिनचा पातळ थर. कासव कवचातून बाहेर येऊ शकत नाही, कारण कोणी स्वतःच्या बरगड्यांतून बाहेर येत नाही. पाठीवर हात फिरवला तर त्याला कळतं. (कासव कवच काढून ठेवतं असं मानणारा एक इंजिनिअर मला माहीत आहे. तोच.) गोगलगायीचा शंख चुनखडीचा, अंगाला जोडलेला, तोंडाच्या कडेने वाढत जाणारा, तीही बाहेर निघत नाही. घर बदलणारा प्राणी म्हणजे हर्मिट क्रॅब, खेकड्याचा एक नातेवाईक, कारण त्याच्या पोटाचा भाग मऊ असतो आणि तो दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात घुसून बसतो.

इतकं कडक कवच असताना स्प्रे आत कसा जातो, हा तुमचा तिसरा प्रश्न. कवचावर सगळ्यात बाहेर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. त्याचं मुख्य काम अंगातलं पाणी आत ठेवणं, विष थांबवणं नव्हे, आणि स्प्रेमधली बरीच विषं तेलकट पदार्थात विरघळणारी असतात, त्यामुळे मेण त्यांना काय अडवणार. सांध्यांवरचे मऊ पापुद्रेही असतातच. हाच मेणाचा थर घासला गेला किंवा शोषून घेतला गेला तर किडा वाळून मरतो, विगल्सवर्थ नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने 1945 च्या सुमारास हे नीट दाखवलं होतं. डायटमची, म्हणजे एका सूक्ष्म शैवालाच्या सांगाड्यांची, पूड टाकतात ती त्याच तत्त्वावर, त्यात विष नसतंच. आणि चपलेने मारल्यावरही झुरळ पळतं त्याचं कारण कवच फार कडक आहे हे नसून ते पत्र्यापत्र्यांचं आहे आणि मधे मऊ जोड आहेत हे आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या लोकांनी 2016 मध्ये मोजलं, उभं असताना साधारण 12 मिलिमीटर उंच झुरळ 3 मिलिमीटरच्या फटीतून निघतं आणि स्वतःच्या वजनाच्या जवळपास 900 पट दाब सोसतं. खरं न चेपणारं कवच हवं असेल तर डायबॉलिकल आयर्नक्लॅड नावाचा भुंगा बघा, तो 39,000 पट सोसतो असं 2020 मध्ये मोजलंय, त्याचे वरचे दोन पंख मधोमध एकमेकांत अडकून कायमचे बंद झालेत, उडायचं विसरा.

तर सल्ला असा, पुढच्या वेळी पांढरं दिसलं तर मारू नका. काचेखाली झाका, मोबाइलचा टाइमलॅप्स लावा, फ्रेममध्ये सलग घड्याळ दिसू द्या आणि एक साक्षीदार असा बसवा की जो तुमच्या बाजूचा नाही. आमच्या वेळी असले फोन नव्हते म्हणून एक माणूस इतकी वर्षं मोकाट सुटलाय. व्हिडिओ निघाला तर मला जरूर पाठवा, मी तो एका ग्रुपवर टाकणार आहे.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं. झाकताना हलक्या हाताने, मऊ असताना अंग दबलं तर ते तसंच वाकडं सेट होतं. रंग चढायला लागणारा वेळ जातीवर आणि उकाड्यावर कमीजास्त होतो, तासाभरात झालं नाही म्हणून मला शिव्या घालू नका. डायटमची पूड विषारी नसली तरी सिलिकाच आहे, नाकात जाऊ देऊ नका. आणि पडलेली कात कोरड्या झाडूने उडवू नका. झुरळाची विष्ठा, लाळ आणि कात या सगळ्यांची ॲलर्जी होते, दमा असलेल्यांना जास्त त्रास. ओल्या फडक्याने पुसून घ्या.