डायलिसिसची मात्रा : आईला तीन तास पुरतील का?

प्रश्न : माझी आई ५५ वर्षांची असून तिची उंची १५० सें.मी. आणि वजन ४५ किलो आहे. आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तास तिचे डायलिसिस होते. तिचा केटी/व्ही (डायलिसिसच्या मात्रेचा आकडा) १.९ आला, शेजारच्या खाटेवरील ८० किलोच्या गृहस्थांचा मात्र तेवढ्याच वेळात १.१ आला. मग आईला तीन तास पुरणार नाहीत का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : केटी/व्ही हा भागाकार आहे. डायलायझर, म्हणजे यंत्रातील रक्त गाळणारी नळी, मिनिटाला जेवढे रक्त यूरिया या टाकाऊ द्रव्यापासून मुक्त करतो, त्याला वेळेने गुणायचे आणि शरीरातील एकूण पाण्याने भागायचे. मिनिटाला २०० मि.लि. धरल्यास चार तासांत ४८ लिटर होतात. उंची-वजनावरून शरीरातील पाणी काढण्याच्या वॅटसन यांच्या सूत्रानुसार आपल्या आईंच्या शरीरात सुमारे २५ लिटर पाणी आहे, तर त्या गृहस्थांच्या शरीरात ४२-४३ लिटर असावे. म्हणून शुद्धीकरण सारखेच होऊनही आकडे इतके निराळे आले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांसाठी किमान १.२ आणि उद्दिष्ट १.४ मानले जाते, आणि तीन तासांत आईंचा १.४ कागदावर भरतोही.

तरीही वेळ कमी करू नये, असे माझे मत आहे. पन्नाशीचे, १६० सें.मी. उंचीचे आणि ६० किलो वजनाचे एक पुरुष व एक स्त्री घ्या. दोघांच्या शरीराचे पृष्ठफळ सारखेच. पण स्त्रीच्या शरीरात स्नायू कमी व चरबी अधिक असल्याने पाणी सुमारे ३० लिटर भरते, पुरुषाचे ३५. दोघांना ४२ लिटर शुद्धीकरण दिले तर पुरुषाचा आकडा १.२ आणि स्त्रीचा १.४ येतो, म्हणजे एकच उद्दिष्ट लावल्यास स्त्रीला प्रत्यक्षात कमी डायलिसिस मिळते. निरोगी मूत्रपिंडाचे काम आपण पृष्ठफळाच्या प्रमाणात मोजतो. डायलिसिसलाच पाण्याचे माप का, हा आक्षेप त्यामुळे रास्त आहे. अमेरिकेत १,८४६ रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हेमो’ चाचणीत अधिक मात्रेचा एकंदरीत लाभ दिसला नाही, परंतु स्त्रियांमध्ये मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी कमी आढळला. उपगटातील निष्कर्ष म्हणून तो जपूनच वापरावा, पण दुर्लक्षू नये.

शिवाय यंत्र केवळ यूरिया काढत नाही, शरीरात साचलेले जादा पाणीही काढते. दोन लिटर पाणी तीन तासांत काढायचे झाल्यास आईंच्या बाबतीत वेग किलोमागे ताशी जवळपास १५ मि.लि. होतो, चार तासांत तो ११ राहतो. तो १३ च्या आत ठेवावा, असे सामान्यतः मानतात, कारण वेग वाढला की रक्तदाब घसरतो, पायात गोळे येतात.

त्या गृहस्थांचा १.१ मात्र खरोखरच अपुरा आहे. त्यांना अधिक वेळ, रक्ताचा अधिक प्रवाह किंवा मोठा डायलायझर लागेल. आईंचे ड्राय वेट (जादा पाणी काढल्यानंतरचे वजन) गेल्या काही महिन्यांत घटले आहे का, हेही डॉक्टरांना विचारा, कारण कुपोषणाने अंग झडले तरी भागाकारातील छेद, म्हणजे शरीरातील पाणी, लहान होतो आणि केटी/व्ही आपोआप सुधारल्यासारखा दिसतो.