पहिलं सरकारी काम लागलंय? आधी फाईल लाव, मग फावडं

अभिनंदन भावा, पण पेढे वाटायच्या आधी टेंडरची अख्खी प्रिंट काढून वाच, खासकरून मुदत, दंड आणि एक्स्ट्रा आयटमची पानं, कारण उद्या काही झालं की ऑफिसात तुझं कोणी ऐकत नाही, पान नंबर दाखवतात.

सगळं लेखी घे. साहेब साईटवर येऊन म्हणतात "हे पण उरकून टाक, बघू नंतर" आणि आपण मान डोलावतो. मी अशीच गटाराची जास्तीची लांबी करून बसलो, साहेबांची बदली झाली, नवीन आले ते म्हणे कागद कुठाय? गेले पैसे. आता तोंडी सांगितलं की त्याच संध्याकाळी ईमेल, वर आवक शिक्क्याची कॉपी. व्हॉट्सॲपच्या अंगठ्यावर विसंबू नको.

जे झाकलं जाणार, म्हणजे पाया, पाईप, सळई, त्याचं माप काँक्रीट पडायच्या आधी एमबीत (मेजरमेंट बुक, म्हणजे ऑफिसच्या मापवहीत) चढवून घे. आणि पावसाळा! मुंबईत जून ते सप्टेंबर काम रखडतंच, पण मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आधीच द्यायचा.

बँक गॅरंटी (तुझ्या कामासाठी बँकेने ऑफिसला दिलेली हमी) संपायच्या तारखेचा रिमाइंडर लाव. बिलातून इन्कम टॅक्सचा टीडीएस जातोच, शिवाय २.५ लाखांवरच्या कॉन्ट्रॅक्टला जीएसटीचा २ टक्के वेगळा कापतात, तो जीएसटी पोर्टलवर ॲक्सेप्ट केला तरच कॅश लेजरला (तिथल्या तुझ्या जमा खात्याला) येतो, मला हे दोन वर्षांनी कळलं बोल. आणि सबकॉन्ट्रॅक्टरशी पण कागद कर, मेव्हणा असला तरी.