‘गेम्सबॉक’ हे नाव ‘गेम’वरून आलेले नाही

आपण विचारले आहे की, दक्षिण आफ्रिका खंडातील कलहारी आणि नामिबच्या वाळवंटात राहणाऱ्या गेम्सबॉक या कुरंगाचे (अँटिलोपचे) नाव इंग्रजीतील ‘गेम’, म्हणजे शिकारीचे जनावर, या शब्दावरून पडले असावे का. ही समजूत स्वाभाविक आहे, परंतु बरोबर नाही. शब्द दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स भाषेतला आहे आणि तेथे त्याचा आरंभ ‘ग’ने नव्हे, तर घशातून काढलेल्या ‘ख’ने होतो. आफ्रिकान्समध्ये तो डचमधून आणि डचमध्ये जर्मनमधून आला असून, मूळ जर्मन शब्दाचा अर्थ ‘शॅम्वाचा नर’ असा आहे. शॅम्वा म्हणजे आल्प्सच्या कड्यांवर वावरणारा, शेळीला जवळचा असलेला प्राणी.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ, केपला ठाणे वसवले आणि तेथे आलेल्या युरोपीयांनी अनोळखी जनावरांना घरची नावे दिली. चेहऱ्यावरचे काळे-पांढरे पट्टे सोडले, तर शॅम्वा आणि गेम्सबॉक यांत साम्य जवळजवळ नाही. शॅम्वाची शिंगे आखूड आणि टोकाशी आकड्यासारखी वळलेली असतात. गेम्सबॉकची शिंगे भाल्यासारखी सरळ, सुमारे ८५ सेंटिमीटर लांब असतात आणि त्याचे वजन २०० किलोच्या आसपास भरते. ‘ईलँड’ या आफ्रिकेतल्या दुसऱ्या कुरंगाचेही असेच झाले, कारण डचमध्ये तो शब्द उत्तरेकडील मूस या सांबरवर्गीय प्राण्याचा आहे. आपली नीलगाय तरी कुठे गाय आहे?

मला अधिक लक्षवेधी वाटते ते ‘बॉक’ हे पद. त्याचा अर्थ नर. परंतु या प्राण्यात मादीलाही शिंगे असतात आणि ती बहुधा नराच्या शिंगांपेक्षा बारीक व लांब असतात.

शास्त्रीय नाव ‘ओरिक्स गझेला’. ग्रीकमध्ये ‘ओरिक्स’ म्हणजे टिकावासारखे खणण्याचे टोकदार अवजार, तर ‘गझेला’चे मूळ अरबी ‘गझाल’मध्ये आहे. प्राण्यांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये त्याला ‘काप्रा’ म्हणून चक्क शेळ्यांत बसवले होते. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील त्स्वाना भाषकांचे मात्र त्याच्यासाठी स्वतःचे नाव आहे, ‘कुकामा’.

मराठीत लिहिताना ‘गेम्सबॉक हरीण’ न म्हणता ‘गेम्सबॉक कुरंग’ म्हणावे, असे मी सुचवेन. कारण चितळ-सांबरांसारख्या हरणांची शिंगे गळून पुन्हा उगवतात, याची मात्र काळवीट या कुरंगाप्रमाणे जन्मभर टिकतात.