सीनियर नेटवर्क सपोर्टला नक्की काय करायचं असतं

तुझा प्रश्न असा की चार वर्षं एल-वनला, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीला, काढलीस, आता सीनियर नेटवर्क सपोर्ट टेक्निशियनचं लेटर हातात आलंय, हाताखाली तीन पोरं दिलीत आणि मॅनेजर म्हणतो "आता तूच बघ", तर बघायचं काय, आणि आधी सीसीएनपी (सिस्को या नेटवर्क कंपनीचं वरच्या पातळीचं सर्टिफिकेट) उरकून घेऊ का. सीसीएनपी कर, वाया जाणार नाही, पण घाई नको. त्याच्या आधी एक जाड वही घे. हे मनापासून सांगतोय, का ते वाच.

मरोळच्या एका ऑफिसात होतो तेव्हाची गोष्ट. सोमवारी सकाळी साडेदहाला अख्खा तिसरा मजला बसला. डेस्कवरचे फोन बंद, प्रिंटर बंद, वीकेंडनंतर लॅपटॉप चालू केलेल्या लोकांना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ताच मिळेना, सगळीकडे १६९.२५४ वाले पत्ते, जे काही मिळालं नाही की लॅपटॉप स्वतःच घेतो. मी घाटकोपरला मेट्रोच्या लाइनीत अडकलेला, आणि फोनवर आमची पोरं घाबरून एकदम बोलतायत. मी पोचेपर्यंत त्यांनी कोअर स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जोडणारा मुख्य डबा, दोनदा रिस्टार्ट केला होता. रॅकचं दार उघडलं तर सगळ्या पोर्टांचे हिरवे दिवे एकाच तालात फडफडतायत. एरवी प्रत्येक पोर्ट आपापला लुकलुकतो, कधी हा कधी तो. सगळे एका दमात नाचायला लागले की बहुतेक वेळा लूपच असतो, म्हणजे तोच डेटा गोल गोल फिरत राहतो, हे दृश्य एकदा बघितलं की जन्मात विसरत नाही. रिस्टार्टमुळे बफरमधले लॉग, म्हणजे स्विचच्या मेमरीतल्या नोंदी, उडाले होते, नाहीतर अमुक मॅक ॲड्रेस (मशीनचा हार्डवेअर पत्ता) या पोर्टवरून त्या पोर्टवर उड्या मारतोय हे स्विचनेच लिहून ठेवलं असतं आणि पाच मिनिटांत सापडलं असतं. मग एकेक अपलिंक, म्हणजे दुसऱ्या स्विचकडे जाणारी वायर, काढत गेलो, पाचवी काढली आणि दिवे शांत. ती वायर अकाउंट्सच्या कोपऱ्यात जात होती, तिथे टेबलाखाली आठ पोर्टचा साधा स्विच, आणि झाडताना त्यातूनच लोंबणारी पॅचकॉर्ड (छोटी नेटवर्क वायर) दिसली म्हणून हाउसकीपिंगच्या मुलाने तिचं मोकळं टोक त्याच स्विचमध्ये खोचलेलं. त्याची काय चूक, त्याला वाटलं आपण नीट लावून ठेवलं.

खरा प्रश्न पुढे आहे. लूप ओळखून तोडायची स्विचमधली सोय म्हणजे स्पॅनिंग ट्री, तिने तो पोर्ट ब्लॉक का नाही केला? कॉन्फिग उघडली तर त्या पोर्टवर बीपीडीयू फिल्टर लावलेला. बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्री ज्यावरून लूप ओळखते ते संदेश, फिल्टर ते अडवतो, म्हणजे तिथे स्पॅनिंग ट्री आंधळी. कोणी लावला? मीच. तीन वर्षांपूर्वी तिथे एक मॅनेज्ड स्विच (स्वतःही बीपीडीयू पाठवणारा) होता, बीपीडीयू आला की पोर्ट बंद करणाऱ्या बीपीडीयू गार्डमुळे पोर्ट सारखा एरर-डिसेबल, म्हणजे आपोआप बंद, व्हायचा, तर एका रात्री शेवटची लोकल गाठायच्या घाईत फिल्टर टाकला की उद्या नीट बघू, आणि कुठेच लिहिलं नाही. तो स्विच गेला, साधा आला, फिल्टर तसाच राहिला. दीडशे माणसांची अर्धी सकाळ त्यात गेली. त्याच संध्याकाळी वही घेतली.

वहीत फार काही नसतं. तारीख, कुठल्या डब्यावर काय बदललं, का बदललं, परत कसं फिरवायचं. "का" सगळ्यात महत्त्वाचं, बाकीचं कॉन्फिगमध्ये दिसतं, ते दिसत नाही.

आणि तुझी तीन पोरं. काही बंद पडलं की पहिला प्रश्न एकच, काल चालत होतं ना, मग काय बदललं? उत्तर ठरलेलं येतं, "काहीच नाही केलं". खोटं बोलत नाहीत रे ते, घाबरलेले असतात. म्हणून असं विचारायचं की टेबल हलवलं का, एसीवाला येऊन गेला का, कोणी घरचा राउटर आणून लावलाय का. आणि पोराने स्वतःहून सांगितलं की माझ्याकडून झालं, तर त्या दिवशी त्याला एक शब्द बोलायचा नाही, सगळ्यांसमोर तर अजिबात नाही. एकदा झापलंस की पुढच्या वेळी तो लपवणार आणि तू दोन तास उगाच वायरी हुंगत बसणार. मजल्यावरचा साहेब त्यांच्यावर ओरडायला आला तर मध्ये तू उभं राहायचं, "सर, माझ्याशी बोला, दर पंधरा मिनिटांनी मी अपडेट देतो". पोरांना काम करायला शांतता मिळते, निम्मं काम तेच आहे.

लांबच्या साइटवर रिमोटने बदल करत असशील तर सिस्कोच्या डब्यावर आधी कॉन्फिग सेव्ह करून रिलोड इन १० ही कमांड देऊन ठेव. चुकून स्वतःचाच रस्ता कापलास तर दहा मिनिटांत डबा रिस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो. सगळं नीट झालं तर रिलोड कॅन्सल, मगच सेव्ह. माझी एक मध्यरात्रीची पनवेल ट्रिप याने वाचलीय.

दोन आयएसपीच्या, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांच्या, लाइनी आहेत म्हणून निर्धास्त राहू नको. दोन्ही फायबर बिल्डिंगमध्ये कुठून शिरतात ते स्वतः खाली जाऊन बघ. आमच्याकडे दोन्ही एकाच चरातून यायच्या, पावसाळ्याआधी रस्ता खोदला आणि जेसीबीने दोन्ही एका फटक्यात तोडल्या.

अजून एक, डायग्राम कागदावर पण ठेव. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची लाइट गेली, लोकल सुद्धा जागेवर उभ्या, तेव्हा आमचा यूपीएस किती वेळ टिकणार आणि आधी काय बंद करायचं हे सगळं नीट लिहिलेलं होतं, पण ते फाइल सर्व्हरवर, आणि सर्व्हर सगळ्यात आधी गेला. आता ते पान लॅमिनेट करून रॅकच्या दाराला आतून चिकटवलेलं असतं, खाली लाइटवाल्याचा आणि आयएसपीचा नंबर, सर्किट आयडीसकट (आपल्या लाइनीचा त्यांच्याकडचा नंबर).

पहिल्या आठवड्यात नवीन काही करायला जाऊ नको. लॅमिंग्टन रोडवरून एक लेबल प्रिंटर आण, एका पोराला बरोबर घे आणि रॅकपासून टेबलापर्यंत एकेक वायर मागोवा काढून नाव लाव, कंटाळा येईल तरी. आणि तुझ्या आधीचा सीनियर अजून नोटीस पिरियडवर असेल तर आजच त्याला खाली टपरीवर चहाला ने आणि एवढंच विचार, कुठल्या पोर्टवर काय काय तात्पुरतं करून ठेवलंय. वही बरोबर ने.