फ्रेंच ‘तेत’ आणि इटालियन ‘तेस्ता’ हे शब्द लॅटिन ‘कापुत’पासून का आलेले नाहीत?

लॅटिनमध्ये डोक्याला ‘कापुत’ म्हणत असताना फ्रेंचमध्ये ‘तेत’ आणि इटालियनमध्ये ‘तेस्ता’ कुठून आले, असे आपण विचारले आहे. हे दोन्ही शब्द लॅटिन ‘तेस्ता’पासून आले असून त्याचा मूळ अर्थ भाजलेल्या मातीची वस्तू, म्हणजे वीट, कौल, मडके किंवा फुटक्या मडक्याचे खापर, असा होता. फ्रेंचमधला ‘स’ उच्चारातून गळाला. आज त्या जागी अक्षराच्या माथ्यावर छपरासारखे जे चिन्ह दिसते, ते फ्रेंच अकादमीच्या कोशात १७४० च्या आवृत्तीत आले.

मडक्याचे डोके कसे झाले, याचे उत्तर पुष्कळदा ‘थट्टेने’ एवढेच दिले जाते. मला ते अपुरे वाटते, कारण चौथ्या शतकात बोर्दोच्या आउसोनिउस या कवीने तिठ्यावर बेवारस पडलेल्या माणसाच्या कवटीला ‘तेस्ता’ म्हटले आहे. मडके, मग कवटी आणि मग डोके, असा हा प्रवास असावा, आणि त्याचे टप्पे निरनिराळ्या भाषांत आजही सापडतात. रुमानियनमध्ये याच शब्दाचा अर्थ कवटी असाच आहे आणि डोक्याला तिथे ‘काप’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये ‘तेस्ता’ म्हणजे केवळ कपाळ. स्पॅनिशमध्ये डोक्याला एरवी ‘काबेसा’च म्हणतात, मात्र हट्टी माणसासाठी असलेल्या ‘तेस्तारुदो’ या शब्दात जुना ‘तेस्ता’ टिकून आहे.

‘कापुत’ही नाहीसा झाला नाही. फ्रेंचमध्ये त्याचा ‘शेफ’ झाला, आधी डोके आणि पुढे प्रमुख या अर्थाने. आपण हॉटेलातल्या मुख्य स्वयंपाक्याला शेफ म्हणतो तो हाच.

मराठी वाचकाला हा अर्थबदल परका वाटू नये. संस्कृत ‘कपाल’ म्हणजे खापरही आणि कवटीही. वैदिक यज्ञात पुरोडाश, म्हणजे आहुतीसाठीची पिठाची जाड पोळी, ज्या खापरांवर भाजत त्यांना ‘कपाल’ म्हणत, आणि अग्नीसाठीचा पुरोडाश आठ खापरांवर भाजला जाई म्हणून तो ‘अष्टाकपाल’. त्याच शब्दाचे आपण ‘कपाळ’ केले, म्हणजे अर्थ पोर्तुगीजप्रमाणेच डोक्याच्या पुढच्या भागावर येऊन थांबला. ‘तेस्ता’ आणि ‘कपाल’ यांचे मूळ एक नाही. दोन्हीकडे हा बदल स्वतंत्रपणे घडला आहे.